छत्रीवाल्याच्या वर

कच्च्या शिलाईतला कोट अंगावर चढला की भलेभले बांबू गिळल्यासारखे उभे राहतात. बँकेचा नवा मॅनेजरही तसाच उभा होता. हात किंचित फाकलेले, नजर आरशात आणि आरशातून स्वतःच्या पोटावर. कटिंग मास्तर त्याच्या मागे गुडघ्यांवर बसून पाठीची लांबी बघत होता. तोंडात टाचण्या. टाचण्या तोंडात असल्या की बोलावं लागत नाही, हा या धंद्यातला एक मोठा फायदा आहे असं त्याला नेहमी वाटायचं. बोलायला मालक होता. गिऱ्हाईक आरशासमोर अवघडलं की मालक गल्ल्यामागून हाक द्यायचा, "काळजीच सोडा साहेब. आमचे मास्तर खुद्द त्या शहरातले आहेत. तिथला कट तुम्हाला इथं मिळतोय." दुकानाच्या पाटीवर त्या शहराचं नाव लाल अक्षरांत होतं आणि त्यापुढे नुसतं 'कट' असं लिहिलं होतं. शहर असं, की शेंबड्या पोरालाही नाव ठाऊक. या आडबाजूच्या गावात त्या नावावर कोट खपत. बाजारातली मंडळी मास्तरला शहरकर म्हणत, थोडं चेष्टेनं, थोडं मानानं, आणि त्याला दोन्ही चालायचं.

"अगंबाई, खरंच?" बाकावरून आवाज आला. मॅनेजरची आई मांडीवर पर्स धरून बसली होती. गाव नवं, घरी एकटीला करमत नाही म्हणून मुलाबरोबर आली होती. "आम्ही पण तिथलेच. तुम्ही कुठं राहायचात?"

त्यानं टाचण्या तोंडातून काढल्या. हा प्रश्न त्याला नवा नव्हता, आणि उत्तर काजात बटण जावं तसं बसलेलं होतं. "घड्याळाच्या गल्लीत," तो म्हणाला. "छत्रीवाल्याच्या वर."

यावर लोक एरवी 'अरे वा' म्हणत आणि पुढच्या गोष्टीकडे वळत. चौकातलं ते मोठं घड्याळ सगळ्यांनी निदान चित्रात तरी पाहिलेलं असे. छत्रीवाला कुणालाच ठाऊक नसे. थाप मारायची तर एक मोठी खरी गोष्ट घ्यावी आणि तिला लागून एक बारकी खरी गोष्ट जोडावी. बारकी गोष्ट ऐकली की ऐकणाऱ्याचा संशय जागच्या जागी झोपतो. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, अनुभवानं कळलं होतं. पण म्हातारी 'अरे वा' म्हणाली नाही. तिनं पर्स बाकावर ठेवली.

"छत्रीवाल्याच्या वर," ती सावकाश म्हणाली. "दुसऱ्या मजल्यावर? कोपऱ्याची खिडकी?"

"हो," तो म्हणाला. का म्हणाला, ते त्याला पुढे कितीतरी दिवस उलगडलं नाही. पहिल्या मजल्यावर म्हणता आलं असतं, माळ्यावर म्हणता आलं असतं. पण खिडकी तर तीच होती. तीच तर त्यानं घेतली होती.

म्हातारी उठून त्याच्याजवळ आली आणि तो गुडघ्यांवर असल्यामुळे तिला मान वर करावी लागली नाही. तिनं सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. त्याचे डोळे घारे होते. लहानपणी त्यावरून त्याला मांजर म्हणत, मोठेपणी कुणी काही म्हणत नव्हतं. "घाऱ्या," ती म्हणाली. "तू घाऱ्या ना?" मालक गल्ल्यामागून खूश होऊन ओरडला, "घ्या! हे तर घरचेच निघाले!" आरशातल्या मॅनेजरच्या चेहऱ्याचा रंग मात्र उडाला होता. तो म्हणाला, "आई, चल. आपण नंतर येऊ." म्हातारी हलली नाही. "हात दाखव," ती म्हणाली. "उजवा." मास्तरनं हात पुढे केला. बोटांना खडू लागलेला होता. तिनं हाताला स्पर्श केला नाही. एखादी ठेवायला दिलेली वस्तू परत घेताना पाहावी तसा तिनं तो नीट पाहिला, आणि म्हणाली, "मोठा झाला."

संध्याकाळी दुकान आवरता आवरता मॅनेजर एकटाच परत आला. भला माणूस होता. उगाच एका कापडाच्या ठाणावर हात फिरवत त्यानं सांगितलं. त्याला एक बहीण होती, त्याच्या जन्माआधीची, जेमतेम तीन वर्षांची. घरात तिला छकुली म्हणत. समोरच्या बिऱ्हाडातला मुलगा, घाऱ्या, तिला घड्याळ दाखवायला आपल्या खिडकीत घेऊन बसायचा. आईला कामाच्या वेळी ते बरं पडायचं. एक दिवस छकुली खिडकीतून खाली पडली. मुलगा असेल आठ-नऊ वर्षांचा. ती माणसं आठवडा व्हायच्या आत घर सोडून गेली. कुठं गेली ते कुणालाच कळलं नाही. "मी तुम्हाला दोष देत नाही," मॅनेजर म्हणाला. "तुम्ही पोर होता. पण आईचं आयुष्य त्या खिडकीत अडकलंय. तिला सांभाळून घ्या, एवढंच."

आता बोलायचं होतं. साधं वाक्य होतं: साहेब, मी तो नव्हे, मी त्या शहरातला नव्हेच, मी पुलापलीकडचा. पण मालक गल्ला मोजायचा थांबून कान देऊन ऐकत होता, आणि मालकाच्या डोक्यावर, उघड्या दारातून, समोरच्या दुकानाच्या काचेत पाटीची लाल अक्षरं उलटी दिसत होती. मास्तरच्या तोंडात आता टाचण्याही नव्हत्या. "मला," तो म्हणाला, "मला काही आठवत नाही." मॅनेजरनं मान हलवली, जणू त्याला हेच उत्तर अपेक्षित होतं. तो गेल्यावर मालकानं गल्ला पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतला.

घरी जाताना त्याला स्वतःवरच हसू आलं. नाही म्हणायच्या जागी माणूस आठवत नाही म्हणतो! कुणीही दुधखुळा सांगेल की हा कबुलीचाच एक प्रकार झाला. पण खरं सांगायचं तर ते थोडं खरंही होतं. ती खिडकी त्याला आठवत होतीच. पुलापलीकडे त्यांची वस्ती होती, साबणाच्या कारखान्याला लागून. सगळी घरं बैठी, पत्र्याची. जिना नावाची वस्तू तिथल्या पोरांनी पाहायची तर पूल ओलांडून जावं लागे. वडील कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होते आणि त्यांची छत्री म्हणजे बंदुकीच्या जागी होती. छत्री मोडली की वस्तीतल्या कुणाला तिला हात लावू देत नसत. 'शहरात टाकू,' म्हणत. वस्तीतले सगळेच तसं म्हणत: शहरात जाऊन येतो, शहरातून आणतो. खुद्द शहरातली माणसं आपल्या शहराला शहर म्हणत नाहीत, ती चौकात जातात, बाजारात जातात, हे त्याला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर त्यानं तो शब्द जिभेवरून खरवडून काढला. तर छत्री दुरुस्त होईपर्यंत तो दुकानाच्या पायरीवर बसायचा आणि वर बघायचा. दुसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यातल्या खिडकीत त्याच्याच वयाचा एक मुलगा असे. त्याच्याचसारखे घारे डोळे. तो वेडावून दाखवी, एकदा त्यानं पेलाभर पाणी वरून ओतलं होतं. वडील म्हणाले, "असू दे, वरच्याचं पाणी खालीच येणार." त्याला राग आला नव्हता. त्याला एवढंच वाटलं होतं की काही चूक झाली आहे, कुणीतरी कुणालातरी भलत्याच ठिकाणी जन्माला घातलं आहे. आणि त्या मुलाच्या मांडीवर कधी एखादी लहान मुलगी असायची का? इथं येऊन तो थांबला. रस्त्यात उभाच राहिला. एकदा असेल. लाल फ्रॉक. की हा लाल रंग दुकानाच्या पाटीचा?

थाप पहिल्यांदा त्यानं मारलीच नव्हती, हे त्याला आपल्या बाजूनं नेहमी सांगावंसं वाटे. पण सांगणार कुणाला. पहिल्या नोकरीच्या वेळी त्यानं वस्तीचं खरं नाव सांगितलं होतं. तेव्हाचा मालक म्हणाला, "हे कुठं आलं?" "शहराजवळ." "मग शहरच म्हणा की. लोकांना भूगोल कुठं शिकवत बसता." एवढ्यावर झालं. पुढे कुणीतरी विचारलं, शहरात कुठं, आणि जिभेवर छत्रीवाला आयता येऊन बसला. थापेला मुळं फुटतात म्हणतात ते खोटं नाही. लग्न ठरलं तेव्हा मुलीच्या वडिलांनी चार माणसांत त्या शहराचं नाव घेतलं ते असं, की जावई नाही, घड्याळच घरी येतंय. लग्नाला त्याच्या बाजूनं एकटी ताई आली. आईवडील तोवर गेले होते. त्याला वाढवलं ते मोठ्या बहिणीनंच, साबणाच्या वड्या कागदात गुंडाळून. दोन गाड्या बदलून ती आली, कारखान्याचा तो वास तिच्या केसांना होता, आणि त्यानं तिला मांडवाच्या मागे नेऊन सांगितलं, कुणी विचारलं तर काय म्हणायचं ते. ताई आधी हसली. "आणि आपलं घर? त्याचं काय करू, गिळू?" मग त्याचा चेहरा पाहून गप्प झाली. शाळेतली कविता पाठ करावी तसं तिनं ते पाठ केलं: घड्याळाच्या गल्लीत, छत्रीवाल्याच्या वर. तिसऱ्यांदा म्हणताना डोळे पुसले, म्हणाली कांदा कापतायत वाटतं जवळ कुठंतरी. नंतर मंडपात तिनं अशी काही वेळ निभावली की त्याच्या सासूबाई तिच्याकडून खिडकीतल्या हवेचं वर्णन ऐकत बसल्या. ताई अजून तिथंच होती, पुलापलीकडे, त्याच पत्र्याखाली. महिन्याकाठी तिचा फोन येई, आणि त्याचा आवाज ऐकला की ती पहिलं वाक्य हळूच म्हणे, "घड्याळाच्या गल्लीतून बोलतेय." दोघं हसत. आधी दोघं हसत. मग ती हसे आणि तो 'हं' म्हणे.

पुढच्या आठवड्यात मॅनेजर आला नाही, कोट हँगरवर तसाच पांढऱ्या दोऱ्यांनी टाचलेला लटकत राहिला. म्हातारी मात्र रोज येऊ लागली. ओरडणं नाही, रडणं नाही. बाकावर बसायची, पर्स मांडीवर. तो कापड पसरून खडूनं रेघा मारत असे आणि तिची नजर त्याच्या उजव्या हातावर असे. गिऱ्हाईकं येत, तिला बघत, मालकाकडे बघत. काही जण काम न सांगताच निघून जात. गावात गोष्ट पसरायला हवा लागत नाही. एक दिवस दुकानात गिऱ्हाईक नाही असं पाहून ती म्हणाली, "मला एकच विचारायचंय. तू पोर होतास, मी तुला शिक्षा करायला आले नाही. हात सुटला, की सोडलास?"

कात्री कापडात होती. सुटला की सोडला. एवढासाच फरक. पहिल्यात दोष घामाचा, दुसऱ्यात माणसाचा. "मावशी," तो म्हणाला, "तुमचा काहीतरी गैरसमज होतोय." "होऊ दे," ती म्हणाली, "तू सांग. सुटला असेल तर सुटला म्हण. मला तेवढं पुरेल. सोडला असेल तर तेही चालेल. चिडकी होती ती फार, चावायची. तुला चावली का?" कात्री पुढे गेली आणि खडूची रेघ सोडून गेली. शिवणीत माया, म्हणजे जादा कापड, ठेवावी लागते, दोन बोटं तरी; पुढेमागे माणूस सुटला, कपडा उसवला, तर तीच माया कामी येते. त्याच्या हातून कधी माया कमी पडली नव्हती. आज रेघेच्या आत कापलं गेलं. चांगलं गरम कापड, बाहीच वाया गेली. मालकानं ते तुकडे उचलून बघितले आणि म्हणाला, "मास्तर, तुम्ही दोन-चार दिवस घरी बसा." आवाज सभ्य होता. त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

घरी बसला आणि हात जास्त बोलू लागला. सकाळी उठल्यावर तळव्यात काहीतरी असल्यासारखं वाटे: मऊ, घामट, बारीक मनगट. पहिल्या दिवशी त्यानं हात साबणानं धुतला. दुसऱ्या दिवशीही धुतला, आणि साबणाच्या वासानं एकदम ताई आठवली, तेव्हा धुवायचं थांबवलं. मनाला तो तर्कानं समजावी: अरे, आपल्याकडे मजलाच नव्हता. पडायचं म्हटलं तरी माणूस कुठून पडेल? उंबऱ्यावरून? पण मन हे असलं गिऱ्हाईक आहे की पटलं तरी माप पुन्हा घ्यायला लावतं. ज्या खिडकीला आपण इतकी वर्षं आपली म्हटलं, तिच्यातून दिसणारं घड्याळ, तिच्या चौकटीचा उन्हानं सुटलेला रंग, हे सगळं कितीदा, किती माणसांना, किती चवीनं सांगितलं. सांगता सांगता त्यानं ती खिडकी बघितली होती, आतून. मग खिडकीबरोबर तिच्यातून जे पडलं तेही आलंच की. घर घेतलं म्हणजे घरावरचं भूतही घेतलं. असलं काही डोक्यात आलं की तो उठून पाणी पिई आणि पेला खाली ठेवताना तो हातातून सुटतो का, ते बघे.

त्यांचं भाड्याचं घर पहिल्या मजल्यावर होतं, आणि त्याची मुलगी चिमी चार वर्षांची होती. बाप कामावरून आला की खांद्यावर बसून खिडकीशी जायचं आणि खालच्या रस्त्यावरची कुत्री मोजायची, हा तिचा नेम. त्या संध्याकाळी ती त्याच्या खांद्यावर चढली, त्यानं तिचे पाय धरले, आणि स्वयंपाकघरातून बायको आली. हाताला पीठ तसंच. "राहू द्या," ती म्हणाली, "मी घेते." "अगं, कुत्री मोजतोय आम्ही." "मी मोजते तिच्याबरोबर. द्या इकडे." तिनं मुलीला घेतलं. घेताना त्याच्याकडे पाहिलं नाही, त्याच्या हाताकडे पाहिलं. त्याला कळलं. "म्हातारी इथं आली होती?" त्यानं विचारलं. "दुपारी," बायको म्हणाली. "बसल्या होत्या बराच वेळ. चिमीकडे बघत होत्या. मला विचारलं, तो हिला खिडकीत बसवतो का." चिमीनं मान वळवून सांगितलं, "आजीनं माझं मनगट मोजलं." रात्री चिमीला बायकोनं भिंतीकडच्या बाजूला, आपल्या पलीकडे झोपवलं.

चिमी झोपल्यावर त्यानं सांगितलं. एकदाचं सगळं सांगितलं: वस्ती, साबण, छत्री, पायरी, वरून आलेलं पाणी. सांगताना त्याला वाटत होतं, हे ऐकून ती भांडेल, अबोला धरेल, बापाला कळवेन म्हणेल. आणि त्यातलं काहीही तो आनंदानं सोसणार होता. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "अहो, निदान थाप तरी बरी मारा." त्याला आधी समजलंच नाही. "आजवर शहर शहर करून माझे कान किटवलेत. त्या खिडकीतल्या उन्हाचा रंगसुद्धा मला पाठ आहे. आणि आज, या बाई आल्यावर, एकदम पुलापलीकडचे? इतक्या वर्षांत एकदा तरी त्या वस्तीचं नाव काढलंत?" "लाज वाटायची," तो म्हणाला. "राहत्या घराची कुणाला लाज वाटते का?" ती म्हणाली. ती जिथली होती तिथं खरंच कुणाला तशी लाज वाटत नसावी. "झालं ते झालं. तुम्ही लहान होता. मला फक्त खरं सांगायला हवं होतंत, पदरात मूल आहे आपल्या." त्यानं कागद शोधले. पण कागदांचा काय उपयोग! दोन वर्षांपूर्वी शहराची हद्द वाढली होती, पूल आणि पलीकडचं सगळं शहरात गेलं होतं, वस्तीचं जुनं नाव सरकारनंच पुसलं होतं. नव्यानं काढलेल्या त्याच्या प्रत्येक कागदावर जन्मस्थान म्हणून ते थोर नाव ठळक छापलेलं होतं. जी थाप त्यानं जन्मभर भीत भीत मारली, ती त्याच्या पाठीमागे खरी होऊन बसली होती. हे वाचलं तेव्हा तो एकटाच हसला होता, आता मिठाई आणावी असं म्हणत.

"ताईला विचार," तो म्हणाला. एकदम सुचलं, आणि जीव भांड्यात पडला. ताई अजून तिथंच राहते. ताईच्या केसांना तो वास आहे. ताई खोटं बोलून बोलून किती बोलेल. "त्या बाईंनाही बोलाव. दोघी मिळून ऐका. पण तूच विचार, मी मधे बोलणार नाही, नाहीतर म्हणशील मी पढवलं." हे तो स्वतःच म्हणाला, शहाणपणा करून.

सुट्टीच्या दिवशी सकाळी म्हातारी आली. मुलगा तिला दारापर्यंत सोडून जिन्यातच थांबला. खिडकी उघडी होती, चिमी पाटावर उभी राहून खाली कुत्री मोजत होती, तिच्या पायांशी ऊन पडलं होतं. बायकोनं फोन लावला आणि आवाज मोठा करून मध्ये टेबलावर ठेवला. घंटा बराच वेळ वाजली. मग ताईचा आवाज आला, धापा टाकत. "कोण? अगं तू होय! काय गं, सगळं ठीक ना?"

"ठीक आहे ताई. चिमीच्या शाळेसाठी एक विचारायचं होतं. त्यांना आजोळ नको, वडिलांकडचं मूळ घर हवंय. तुमचं सगळ्यांचं घर मूळचं कुठलं हो?"

उत्तर यायच्या आत त्याला मांडवाच्या मागची ताई दिसली, ओठ हलवत पाठ करणारी. हा प्रश्न तिला कधीतरी येणार म्हणून ती इतकी वर्षं तयारीत राहिली होती. भावाची लाज राखायची ही एकच परीक्षा तिच्या वाट्याला आली होती.

"आमचं?" ताई म्हणाली, आणि आवाजात तो मंडपातला तोरा चढला. "शहरातलंच की गं. घड्याळाच्या गल्लीत, छत्रीवाल्याच्या वर. दुसरा मजला, कोपऱ्याची खिडकी. घड्याळाचे ठोके पडले की आमच्या ताटल्या हलायच्या."

"ताई!" तो ओरडला. "ताई, खरं सांग!"

"अरे, तूही आहेस का तिथं?" ताई हसली. "खरंच तर सांगतेय. खोटं कशाला बोलू?"

बायकोनं हातानं त्याला थांबवलं. ती फोनजवळ वाकली. "पुलापलीकडे तुमचं कुणी राहायचं का ताई? ती साबणाच्या कारखान्याजवळची वस्ती?"

"पुलापलीकडे?" ताई म्हणाली. तिच्या मागे, अगदी स्पष्ट, कारखान्याचा भोंगा झाला. पण भोंगा कुठलाही असू शकतो. "छे गं बाई. तिकडे कोण जातंय. त्या लोकांशी आमचा काय संबंध?"

म्हातारीनं डोळे मिटून घेतले. बायकोनं फोनचा आवाज बारीक केला आणि तो उचलून त्याच्या हातात दिला, जसं काही आता तो त्याचाच होता. त्यानं कानाला लावला. ताई कुजबुजत होती. "बरोबर बोलले ना रे मी? तिला काही संशय नाही ना आला? मेलं, इतक्या दिवसांनी विचारलं, पण एक शब्द विसरले नाही बघ." तिच्या आवाजात असा आनंद होता की तो त्याला ऐकवेना. आता या क्षणी आवाज मोठा करून फोन पुन्हा टेबलावर ठेवला तर तो यातून सुटत होता. फक्त एक बटण. मग ताईला कळलं असतं की तिनं काय केलं.

"बरोबर बोललीस ताई," तो म्हणाला. फोन बंद करून त्यानं उपडा ठेवला.

"आता सांग बाळा," म्हातारी म्हणाली. "सुटला, की सोडलास?"

तिला काय हवं होतं ते त्याला दिसत होतं. 'सुटला' म्हणालं की संपलं. ती घरी जाईल, कदाचित झोपेल. त्यानं तोंड उघडलं, आणि त्याला त्याची गाडी आठवली. ज्या दिवशी त्यानं वस्ती सोडली तो दिवस. तो खिडकीशी बसला होता, ताई खाली उभी होती आणि खिडकीतून तिनं त्याचा उजवा हात धरला होता. साबणानं फाटलेला, खरखरीत तिचा हात. गाडी हलली आणि हात सुटले, असंच तो जन्मभर स्वतःला सांगत आला होता. पण गाडी हलली नव्हती. ड्रायव्हर अजून खाली चहा पीत होता. शेजारी शहरातली दोन नीटनेटकी माणसं येऊन बसली, त्यांनी ताईकडे पाहिलं, आणि त्यानं हात आत ओढून घेतला. त्यानंतर कितीतरी वेळ गाडी तिथंच उभी होती, आणि ताई खाली तशीच उभी होती, रिकामा हात वर धरून.

"सोडला," तो म्हणाला.

बायको उठली. तिनं चिमीला पाटावरून उचलून कडेवर घेतलं, खिडकी ओढून लावली, आणि वरची कडीही घातली.